परखी

खंडेनवमीला सकाळी मी ओसरीवर गोणपाट अंथरतो आणि आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी ओढत बाहेर आणतो. पेटीत अकरा बोचकी आहेत, जुन्या धोतरांच्या पट्ट्यांत गुंडाळून वर सुतळी बांधलेली. एकेक सुतळी सुटत जाते तसा तेलाचा, लोखंडाचा आणि मुरलेल्या कापडाचा मिळून एक वास येऊ लागतो. आमच्या घरात तो वर्षातून एकदाच येतो. मला तोच नवरात्राचा वास वाटतो, झेंडूचा त्यानंतर.

गल्लीत त्या दिवशी सगळीकडेच धुवाधुव चाललेली असते. कोणी ट्रॅक्टर धुतो, कोणी तिफण आणि वखर ओट्यावर मांडतो, कोणी फवारणीचा पंप. शिंप्याच्या मशीनला हार पडतो, न्हाव्याच्या वस्तऱ्याला कुंकू लागते. घनसावंगीत खंडेनवमी म्हणजे ज्या वस्तूच्या जोरावर वर्षभर चूल पेटते तिला हात जोडणे. माझ्या पेटीतल्या तलवारी, कट्यारी आणि संगिनी यांनी शेवटचे कोणाचे पोट कधी भरले, कोण जाणे. पण त्यातल्या एकीने आमच्याच घराचे भरले आहे, म्हणून पूजेत तिला मी पहिल्यांदा ठेवतो.

ती लोखंडाची, सव्वा हातभर लांबीची, तीन कडांची. एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला पोकळ नळी, आणि दोन्हींच्या मध्ये कोपरासारखा एक बाक. आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, भुसार मालाचे दुकान होते. माल विकायला आलेल्या शेतकऱ्याचे पोते उतरले की आबा गादीवरूनच हाक मारायचे, "लेकरा, परखी आण बरं." मी ती खुंटीवरून काढून द्यायचो. आबा ती पोत्याच्या कुशीत तिरपी खुपसत, मनगटाने अर्धा वळसा देत आणि सावकाश ओढून घेत. तिच्या खोलगट अंगावर शाळूचे आठ-दहा दाणे बसून येत. ते तळहातावर घेऊन आबा फुंकर घालायचे, एक दाणा दाढेखाली धरायचे आणि त्याच्या आवाजावरून ओल किती आहे ते सांगायचे. मोंढ्यात मिळते ती खरी परखी निराळी असते. ती उघड्या पन्हळीसारखी असते, पोत्यात घातली की धान्य तिच्यातून आपोआप ओघळते. आमची तशी नव्हती. पण आम्हा मुलांना परखी म्हणजे हीच, आणि शेतकऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आबा गेले, दुकान मोडले. परखी खुंटीवरून माळ्यावर गेली. मी शिक्षक झालो आणि एकदा कामानिमित्त पुण्याला गेलो असताना रिकामा वेळ होता म्हणून एका वस्तुसंग्रहालयात शिरलो. एका दालनात काचेआड जुनी बंदूक आडवी ठेवली होती आणि तिच्या नळीच्या टोकावर आमची परखी बसवलेली होती. तोच बाक, त्याच तीन कडा. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. नळीला जी नागमोडी खाच आहे, जिच्यात लहानपणी मी बोट अडकवून बसायचो, ती कशासाठी हे तिथे कळले. बंदुकीच्या तोंडावर ती नळी चढवायची, फिरवायची, म्हणजे नळीवरची घुंडी त्या खाचेत जाऊन बसते आणि संगीन पक्की होते. बाक का, तेही कळले. संगीन लावलेली असतानाही बंदूक ठासता यावी, गज आत घालणारा हात पात्याला लागू नये, म्हणून पाते नळीच्या रेषेतून बाजूला काढलेले. आबांच्या मनगटाचा तो अर्धा वळसा मला आठवला. सैनिकही ती चढवताना तसाच वळसा देत असणार.

मराठीत 'ओळख' हा शब्द मोठा गुणी आहे. चोरीच्या मालाची ओळख पटते आणि माणसाची ओळख होते. दोन्हीला शब्द एकच. पेटीतल्या वस्तूंच्या बाबतीत मला आधी पहिलीच ओळख हवी होती. नाव, साल, कारखाना. दुसरी तिच्या मागून, हळूहळू आली.

परखीचे गोत्र सांगता येते. फ्रान्समधल्या बायॉन गावावरून युरोपात या हत्याराला नाव पडले. सुरुवातीच्या संगिनी लाकडी मुठीच्या असत आणि ती मूठ दट्ट्यासारखी बंदुकीच्या तोंडात ठोकत, त्यामुळे संगीन लावली की बंदूक मुकी व्हायची. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही बाहेरून चढणारी नळी आली आणि अडचण सुटली. आमच्या परखीचे पाते सुमारे 17 इंच भरते. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पलटणींसाठी जी आखूड, स्वस्त बंदूक ठरवली, जी 1797 पासून इंग्लंडच्या फौजेनेही उचलली, तिच्या संगिनीचे माप हेच. तीन कडा का, यावर गावात एक ठाम मत आहे: तीनधारी जखम भरत नाही म्हणून. हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की पूर्वी मीही वर्गात तसेच सांगत असे. लोहार मात्र पाहताक्षणी वेगळे सांगतो. थोड्या लोखंडात पाते ताठ राहायला हवे, पोटात वाकायला नको, तर त्याला तीन कडा काढाव्यात आणि अंग खोलगट ठेवावे. त्याच खोलगट अंगावर पुढे शाळूचे दाणे बसले.

नळीवर एक अक्षर आणि 47 हा आकडा कोरलेला आहे. हा आकडा कारखान्याचा नसतो, पलटणीतला असतो. कोणाची संगीन कोणती, यात घोळ नको म्हणून घातलेला. म्हणजे सत्तेचाळिसावा कोणी एक होता. त्याच्याविषयी इतकेच.

आबा सांगायचे की ही असईची आहे. असई आमच्याच जिल्ह्यात. गोदावरीकाठचा आमचा तालुका दक्षिणेला आणि असई पार उत्तरेला, भोकरदनच्या बाजूला. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेवर चालून गेली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला; म्हातारपणीही तो आपल्या सगळ्या लढायांत असईलाच वर मानत असे. मी तिथे एकदा पाऊस ओसरल्यावर गेलो होतो. केळणा नदीला गढूळ पाणी होते, दोन्ही काठांना कपाशी, आणि बांधावर बसून एक बाई भाकरी खात होती. वेलस्लीचे वाटाडे त्याला सांगत होते की इथे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर समोरासमोर दोन काठांवर दोन गावे, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. दोन गावे इतकी जवळ वसली म्हणजे त्यांच्यात येणेजाणे असणार, आणि येणेजाणे असेल तर नदीला उतार असणारच, असे त्याने ताडले. उतार निघाला. फौज त्यातून गेली. लढाईच्या वर्णनांत मला तोफांपेक्षा हा क्षण जास्त ओढून घेतो. कोणीही न सांगितलेली गोष्ट दोन गावांच्या नुसत्या बसण्यावरून ओळखणे! पुढे जे झाले त्याचे दुःख आहेच. शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत बोलत राहिल्या, त्यांचे गोलंदाज तोफांपाशीच पडले, आणि इंग्रजांकडचेही पंधराशेच्या वर माणूस मेले-जखमी झाले.

तर ही संगीन तिथलीच का? शिंद्यांचे कंपू द बॉयन नावाच्या युरोपीय सेनानीने फिरंगी पद्धतीने उभे केलेले, त्यांच्या शिपायांकडे तशाच चकमकीच्या बंदुका आणि तशाच संगिनी. आग्र्याला त्यांचा स्वतःचा कारखाना होता. कंपनीच्या शिपायाकडे इंग्लंडहून आलेली, शिंद्यांच्या शिपायाकडे आग्र्याची, आणि पोत्यात खुपसल्यावर दोन्हींवर दाणे सारखेच बसणार. त्यानंतरही याच जातीची संगीन कितीतरी वर्षे वापरात होती आणि जालन्याला तर निजामाच्या कंटिंजंटची छावणीच होती. सत्तेचाळिसावा माणूस यांपैकी कोणीही असू शकतो. पूर्वी मला याची चुटपुट लागायची. आता वाटते, कोणत्या बाजूचा ते कळले नाही म्हणून मी त्याला दरवर्षी निखळ मनाने कुंकू लावू शकतो.

दुसरे बोचके लांब आहे. त्यात घराण्याची तलवार. तिच्याबद्दल घरात दोन मते नव्हती, ती शिवकालीन. आत्या तर पुढे जाऊन म्हणायच्या, "महाराजांनी जालना लुटला तवा आपला माणूस संगं होता." महाराज 1679 मध्ये जालन्यावर आले होते हे खरे. मूठही तशीच, लोखंडी, वर वाटीसारखी तबकडी, बोटांपुढून परज, कधीकाळच्या चांदीच्या वेलबुट्टीचे दोन-तीन ठिपके उरलेले. पाते बाकदार, रुंद, टोकाकडे आणखी पसरट होत गेलेले. लहानपणी मी ती हातात धरून पाहिली तेव्हा मुठीत माझी चार बोटे कशीबशी मावली, आणि मोठेपणीही तेवढीच अडचण. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, त्या वेळच्या लोकांचे हात लहान असणार. हात लहान नव्हते. मूठ घट्ट बसावी, हातात तलवार हलू नये, मनगटाने न तोडता खांद्यापासून ओढून वार व्हावा, यासाठी आपल्याकडच्या मुठी अशाच करत.

दहा-बारा वर्षांपूर्वी गावात एक म्हातारे शिकलगार येत. पाठीवर सायकलचे चाक जोडलेली सहाण, दारोदार विळे-कात्र्यांना धार. शिकल करणे म्हणजे हत्याराला उजाळा देणे. हे त्यांचे मूळ काम, विळे-कात्र्या नंतरच्या. आम्ही त्यांना मामू म्हणत असू. मी त्यांच्यापुढे तलवार ठेवली. त्यांनी धार पाहिलीच नाही. पात्याला नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, मग घरातून लिंबू मागवले, अर्धे कापून पात्यावर बोटभर जागी चोळले आणि विडी ओढत थांबले. दक्षिणेतल्या चांगल्या पोलादाला आंबट लावले की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, तिला जौहर म्हणतात. निजामाच्याच मुलखात, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमला असे पोलाद मुशीत शिजायचे आणि ते विकत घ्यायला इराणातून व्यापारी येऊन राहायचे. आमच्या पात्यावर लाटा उमटल्या नाहीत. लिंबाची जागा सारखी काळी-निळी झाली. मामूंनी पाते पुसून माझ्या हातात दिले. "गुरुजी, मूठ आपली है. पातं नाही आपलं."

मला राग आला होता, हे कबूल करतो. आत्या तेव्हा हयात होत्या, त्यांना मी काहीच सांगितले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे कोणाकडून तरी युक्ती कळली की बुजलेली अक्षरे वाचायची असतील तर त्यावर खडूची पूड भरावी. घरात खडू नव्हता, ज्वारीचे पीठ होते. सकाळच्या तिरप्या उन्हात मी पात्याची पाठ वर करून धरली, चिमूटभर पीठ बोटाने चोळले आणि फडक्याने अलगद पुसले. मुठीपासून चार बोटांवर, त्या अरुंद पाठीवर, पांढरी इंग्रजी अक्षरे उभी राहिली. ऑसबॉर्न. तीन पिढ्यांना दिसूच नये असे काही नव्हते ते. कोणी पाठ पाहिलीच नव्हती. आपण सगळे धार पाहतो.

हेन्री ऑसबॉर्न हा बर्मिंगहॅमचा तलवारी घडवणारा. ल मार्चंट नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याबरोबर बसून त्याने इंग्रजी हलक्या घोडदळाची 1796 ची तलवार आखली. रुंद बाकदार पाते, टोकाकडे कुऱ्हाडीसारखे जड, साधारण 33 इंच. मी बायकोच्या शिवणकामाच्या टेपने मोजले. साडेबत्तीस.

मग बर्मिंगहॅमच्या पात्यावर दख्खनी मूठ कशी? याचे उत्तर मला एका लढाईत मेलेल्या माणसाने दिले. कॅप्टन लुई नोलन. क्रिमियाच्या युद्धात 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हाला इंग्रजांचे हलके घोडदळ तोफांच्या तोंडी गेले, त्यात तो अगदी सुरुवातीलाच पडला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले होते. हिंदुस्थानात असताना त्याच्या कानावर आले की निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत असे काही वार केले की जखमा पाहणारे डॉक्टर थक्क झाले. नोलनला वाटले, या तलवारी कोणत्या तरी अद्भुत पोलादाच्या असणार. चौकशीला गेला तर काय, ती इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती! या लोकांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि लाकडी म्यानात ठेवली होती. इंग्रज स्वारांची म्याने लोखंडी. त्यात पाते घोड्याच्या चालीबरोबर दिवसभर खुळखुळत राहायचे आणि धार मरायची. वार कसा शिकवता, असे त्याने एका जुन्या स्वाराला विचारले. त्याने सांगितले की शिकवत काहीच नाही, तलवारीला धार असली की ती कोणाच्याही हातात कापते.

आमच्या तलवारीचे म्यान लाकडी आहे. वर लाल मखमल होती, आता तिचा तांबूस भुगा उरलाय. हे म्यान मला नेहमी दुबळे वाटायचे. पात्याला शोभेसे लोखंडी म्यान घडवून घ्यावे असे एकदा मनात आले होते. घडवले नाही, केवढी कृपा. त्या दिवशी मी म्यान कानाजवळ धरून हलवले. आतून आवाज आला नाही.

आत्यांना मी शेवटी सांगितले. खाटेवर बसून त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गोऱ्यानं टाकली अन् आपल्या माणसानं उचलली?" मी हो म्हणालो. "अन् गोऱ्यापरीस चांगली चालवली?" तेही हो म्हणालो. "मग कामून तोंड पाडून बसलास?" पुढच्या खंडेनवमीला त्यांनी स्वतः तिला हळद लावली.

2025 साली लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे 47 लाख रुपयांना घेऊन परत आणली. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष ते. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. मूठ इकडची, सरळ पाते युरोपचे, आणि पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव, सेनासाहेबसुभा ही पदवी आणि सर्वांत शेवटी एक शब्द: फिरंग. परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंगच म्हणत, आणि एवढ्या मोठ्या सरदाराने ते सोन्याने लिहून ठेवले होते. परके पाते आपले म्हणताना त्याला संकोच वाटला नाही, मग माझ्या घराला कशाला वाटावा?

त्याच्या आदल्या वर्षी लंडनहून वाघनखे साताऱ्याला आली, तेव्हाचेही आठवते. कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याने नेलेली ती वाघनखे हीच महाराजांच्या हातातली का, याची खात्री देता येत नाही, असे ज्या संग्रहालयाने ती इतकी वर्षे सांभाळली त्यांनीच सांगितले होते. लोकांना ते खटकले. मला त्या माणसांविषयी आदर वाटला. वस्तू आपल्या काचेत असताना तिच्याविषयी कमी बोलायला फार बळ लागते. हे मी अकरा बोचक्यांचा मालक म्हणून अनुभवाने सांगतो.

जांब समर्थ आमच्याच तालुक्यात. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 चा. रामनवमीला आम्ही चालत जायचो. सज्जनगडावर समर्थांची कुबडी जपून ठेवली आहे आणि तिच्या आत गुप्ती आहे. जपाला बसताना हात टेकायची वस्तू, आणि पोटात पाते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला आमची परखी आठवली, आणि गडाच्या पायऱ्या उतरताना वाटत राहिले की वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू असते, कधी पाते कुबडीच्या पोटात, कधी शाळूचा दाणा संगिनीच्या पाठीवर.

पेटीतले एक बोचके मी सर्वांत शेवटी सोडतो. ती दुसरी संगीन. आखूड, बारा इंची, सुरीसारखी, लाकडी मुठीची, पात्यावर काळा रंग. हिला घरात 'रझाकाराची' म्हणतात. 1948 च्या सप्टेंबरात, निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शनच्या पाच दिवसांत, ती आमच्या मळ्यातल्या विहिरीजवळ सापडली. टाकून पळाला असेल कोणी, की आपल्याच सैन्यातल्या कोणाची पडली असेल? आजी त्या दिवसांबद्दल कधी बोलायची नाही. त्या वर्षी आमच्या घरातली माणसे दोन महिने हद्दीपलीकडे जाऊन राहिली होती आणि परत आली तेव्हा सगळी परत आली नाहीत, एवढेच मला ठाऊक. या संगिनीला आजी हात लावायची नाही आणि फेकूही द्यायची नाही.

हिची ओळख सर्वांत सोपी निघाली, कारण सगळे पात्यावरच लिहिलेले होते. काळा रंग थोडा खरवडला तर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरे, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. त्याखाली आर. एफ. आय., म्हणजे इशापूरची रायफल फॅक्टरी. आणि महिना-साल: 11, 43. पहिल्या महायुद्धातली लांबलचक संगीन दुसऱ्या महायुद्धात अडचणीची वाटू लागली, म्हणून हिंदुस्थानात हे आखूड पाते निघाले. सगळे जुळत होते. वही बंद करणार तेवढ्यात साल पुन्हा डोळ्यांसमोर आले. इशापूर बंगालमध्ये आहे, हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला. 1943 चा नोव्हेंबर. त्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. कारखान्याच्या भिंतीआड हे पाते तापत होते, ठोकले जात होते, त्यावर शिक्का बसत होता, आणि बाहेर रस्त्यावर लोक भाताची पेज मागत हिंडत होते.

मी ती परखीच्या शेजारी ठेवली. एक संगीन, जिच्यावर आयुष्यभर धान्याचे दाणे बसले. दुसरी, जी दाणा नसलेल्या साली, दाणा नसलेल्या मुलखात जन्मली. त्या दोघी गोणपाटावर शेजारी पडलेल्या असताना मला पुढे काही सुचले नाही. कुंकवाची वाटी हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. नातवाने विचारले, "आजोबा, हिला लावायचं का नाही?" लावले.

माझा संग्रह छोटा. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत उभारलेले संग्रहालय आहे, आमच्या मराठवाड्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतातून, ओढ्यातून वेचलेल्या वस्तूंचे आहे. त्यांच्यापुढे ही पत्र्याची पेटी काहीच नाही. शिवाय नऊ इंचांच्या वरच्या पात्याला शस्त्र कायदा लागतो, म्हणून पेटीतल्या सगळ्याची यादी मी ठाण्यात देऊन ठेवली आहे. चुकाही पुष्कळ केल्या. सुरुवातीची काही वर्षे मी पात्यांना करडईचे तेल लावत असे, कारण घरात तेच असायचे. करडईचे तेल वाळून चिकट होते, धूळ धरते, आणि त्या चिकट थराखाली गंज निवांत वाढतो. एका कट्यारीची अर्धी नक्षी त्यात गेली. एका पात्याला पॉलिश पेपर मारला आणि त्यावरची बारीक अक्षरे कायमची घालवली. कोणाचे नाव होते ते आता कोणालाच कळणार नाही. ती कट्यार आणि ते पाते मी मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आहे.

जालना आता पोलादाचे गाव आहे. भंगाराचे ट्रक रात्रंदिवस येतात, भट्ट्यांत सगळे वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. आपल्या भागातली घरे त्या सळईवर उभी आहेत, माझ्या मुलाचेही. परवा एका भंगारवाल्याच्या ढिगात मला उसाचा एक जुना कोयता दिसला. तोडकऱ्यांचा असतो तसाच, लाकडी मुठीचा, धार खाऊन गेलेली. पण पात्याच्या मधोमध, मुठीपासून टोकापर्यंत, एक सरळ खोबण होती. कोयत्याला खोबण काढायचे कारण नसते. कोणीतरी तलवार तोडून तिचा कोयता केला होता, आणि त्याने किती हंगाम किती एकर ऊस तोडला असेल. मी तो वजनावर विकत घेतला. पेटीतले अकरावे बोचके ते.

तुमच्या घरी, माळ्यावर, देवळीत, पोत्याखाली असे काही पडलेले असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एक करा. घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची पाठ वर करा, चिमूटभर ज्वारीचे पीठ चोळा आणि फडक्याने हळूच पुसा.